'मला नाही वाटत तो येईल': इंग्लिश बोलताना 'नाही' नेमकं कुठे ठेवायचं

गेली काही वर्षं मी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर सात-आठ जणांना बोलायचं इंग्लिश शिकवते. त्यात कॉलेजची मुलं आहेत, मेडिकलचं दुकान चालवणारे एक काका आहेत, नव्याने नोकरीला लागलेल्या दोन मुली आहेत, आणि प्रत्येक बॅचमध्ये पहिल्याच आठवड्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आय थिंक ही विल नॉट कम." हे चूक नाही बरं का, व्याकरणात व्यवस्थित बसतं, त्यावर लाल रेघ मारणाऱ्या टीचरशी मी भांडेन. पण ज्यांच्या घरात इंग्लिशच बोलतात ते रोजच्या बोलण्यात हे असं म्हणत नाहीत, ते म्हणतात "आय डोन्ट थिंक ही विल कम." म्हणजे येण्याला लागायचा तो नकार उचलून थिंकला लावतात.

हे मी पहिल्यांदा सांगते तेव्हा सगळे म्हणतात की मॅडम हे उलटं आहे, त्याचं विचार करणं थोडंच नाही म्हणायचंय, येणं नाही म्हणायचंय. मग मी विचारते, घरी आईने विचारलं की दादा जेवायला येणार का, तर तुम्ही काय म्हणता? सगळे एका सुरात, "मला नाही वाटत येईल." झालं की! आपण पण नकार वाटण्यालाच लावला ना? वर्गात एकदम शांतता पसरते तेव्हा, कारण आयुष्यभर बोलत आलोय ते पहिल्यांदा कानावर पडल्यासारखं होतं. डेन्मार्कचे एक मोठे भाषातज्ज्ञ होते, ऑटो येस्पर्सन, त्यांनी १९१७ साली नकारावरच एक पुस्तक लिहिलं आणि त्यात हे टिपून ठेवलंय की आतल्या वाक्यातला नकार मुख्य क्रियापदाकडे ओढला जातो आणि हे बऱ्याच भाषांमध्ये होतं. आता व्याकरणवाले याला नेगेटिव्ह रेझिंग म्हणतात, म्हणजे खालचा नकार वर उचलणं. नाव लक्षात नाही राहिलं तरी काही बिघडत नाही.

मग घरी बरोबर बोलणारा माणूस इंग्लिशमध्ये का अडकतो? माझं म्हणणं असं आहे की सगळा घोळ 'की' मुळे होतो. शाळेत आपल्याला दॅट म्हणजे की असं शिकवलं, म्हणून इंग्लिश बोलायचं म्हटलं की डोक्यात आधी "मला वाटतं की तो येणार नाही" असं वाक्य तयार होतं आणि मग शब्दाला शब्द लावत आपण "आय थिंक दॅट ही विल नॉट कम" करतो. तेच वाक्य 'की' काढून 'असं' लावून करा, "तो येईल असं मला वाटत नाही." नाही आपोआप वाटण्यापाशी जाऊन बसलं! पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीवर उभ्या आहेत.

पहिली पायरी: 'असं'चं वाक्य करा आणि 'नाही' हलवून बघा

कुठलंही वाक्य घ्या आणि त्यातलं 'नाही' एकदा आत ठेवा, एकदा शेवटी न्या. अर्थ तोच राहिला तर इंग्लिशमध्ये नकार पहिल्या क्रियापदाला लावायचा. अर्थ बदलला तर हात लावायचा नाही, जिथे आहे तिथेच ठेवायचा.

"तो येणार नाही असं वाटतं." "तो येईल असं वाटत नाही." एकच ना? मग "आय डोन्ट थिंक ही विल कम."

"पाऊस पडणार नाही असं दिसतंय." "पाऊस पडेल असं दिसत नाही." हे पण एकच, म्हणून "इट डझन्ट लुक लाइक इट विल रेन."

"तो पास होणार नाही अशी अपेक्षा होती." "तो पास होईल अशी अपेक्षा नव्हती." दुसरं जास्त आपलं वाटतं ना कानाला? "आय डिडन्ट एक्स्पेक्ट ही वुड पास", किंवा बोलताना अजून सोपं, "आय डिडन्ट एक्स्पेक्ट हिम टू पास."

आता हे बघा. "उशीर होणार नाही अशी आशा आहे." 'नाही' शेवटी नेलं तर होतं "उशीर होईल अशी आशा नाही", म्हणजे जणू उशीर व्हावा म्हणून आपण वाट बघत होतो! अर्थच फिरला. म्हणून इंग्लिशमध्ये पण "आय होप वी आरन्ट लेट", होपच्या आधी डोन्ट नाही.

तसंच भीतीचं. "शेवटची गाडी मिळणार नाही अशी भीती वाटते" हे हलवलं की "गाडी मिळेल अशी भीती वाटत नाही" होतं, ज्याला काही अर्थच नाही. म्हणून "आय ॲम अफ्रेड वी वोन्ट गेट द लास्ट ट्रेन."

आणि खात्रीचं तर नीट बघाच, कारण इथे दोन्ही वाक्यं बरोबर असतात पण दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. "तो येणार नाही याची मला खात्री आहे" म्हणजे "आय ॲम शुअर ही इजन्ट कमिंग", आणि "तो येईल याची मला खात्री नाही" म्हणजे "आय ॲम नॉट शुअर ही इज कमिंग." पहिल्यात त्याचं ताट वाढूच नका, दुसऱ्यात चार पोळ्या जास्तीच्या लाटून ठेवा.

दुसरी पायरी: नकार वर घेणारी मंडळी ओळखीची करून घ्या

ही यादी फार मोठी नाहीये. थिंक, बिलीव्ह, सपोज, एक्स्पेक्ट, इमॅजिन, मग सीम, अपिअर आणि लुक लाइक, फील लाइक. ब्रिटिश लोक रेकन पण वापरतात. म्हणजे मत, अंदाज, 'मला असं वाटतंय' या घरातली क्रियापदं. पक्की माहिती, आशा, भीती, सांगणं, वचन, पश्चात्ताप या घरातली नकार वर घेत नाहीत, घेतला तर अर्थ बदलतो.

यात सपोजचा एक खास उपयोग आहे जो मला फार आवडतो. तुम्ही दुकानात गेलात आणि सुट्टे हवेत तर काय विचारता? "तुमच्याकडे ५०० चे सुट्टे नसतील ना?" आपल्याला हवेत, पण विचारतो 'नसतील ना' असं, म्हणजे समोरच्याला नाही म्हणायला अवघड जाऊ नये. इंग्लिशमध्ये याचं हुबेहूब रूप आहे, "आय डोन्ट सपोज यू हॅव चेंज फॉर फाइव्ह हंड्रेड?" ब्रिटिश बोलण्यात हे भरपूर ऐकू येतं. "आय डोन्ट सपोज यू कुड हेल्प मी" म्हणजे "जरा मदत कराल का, जमणार नाही म्हणा." आपली 'नसतील ना' वाली नम्रता इंग्लिशमध्ये कुठे मिळते हे माहीत नसल्यामुळे आपण सगळीकडे प्लीज, काइंडली चिकटवत बसतो.

ऑफिसमध्ये पण हा फरक कामाला येतो. "आय थिंक वी कान्ट फिनिश इट बाय फ्रायडे" हे जरा अंगावर येतं, दार लावल्यासारखं. "आय डोन्ट थिंक वी कॅन फिनिश इट बाय फ्रायडे" मध्ये तीच माहिती आहे पण धार कमी आहे, कारण नकार कामापासून लांब गेला आणि मताला लागला. कुणाला सल्ला देताना तर हेच वापरा, "आय डोन्ट थिंक यू शुड रिझाइन नाऊ." हां, जेव्हा मुद्दाम ठासून सांगायचंय की चूक आमची नाहीच, तेव्हा "आय थिंक इट इज नॉट अवर मिस्टेक" असं नॉटवर जोर देऊन म्हणा, तिथे ते शोभतं.

तिसरी पायरी: नकार वर गेला की आतलं पण बदला

इथे खूप जण घसरतात. नकार वर गेला तरी त्याचा अंमल आतल्या वाक्यावर असतो, म्हणून आत सम, समवन, ऑलरेडी असं ठेवायचं नाही, एनी, एनीवन, येट आणायचं. "अजून कुणी आलं नसेल असं वाटतं" याचं "आय थिंक नोबडी हॅज कम" करू नका, "आय डोन्ट थिंक एनीवन हॅज कम येट" म्हणा. "त्याचा काही फायदा होईल असं वाटत नाही", "आय डोन्ट थिंक इट विल हेल्प मच."

आणि दोन नकार लावू नका. घाईत लोक "आय डोन्ट थिंक ही विल नॉट कम" म्हणून जातात, एक नकार इंग्लिश सवयीचा आणि एक मराठी सवयीचा. ऐकणारा मात्र दोन्ही मोजतो आणि समजतो की तुमच्या मते तो येईल. मराठीत पण "तो येणार नाही असं मला नाही वाटत" म्हटलं की अर्थ 'येईलच बहुतेक' असाच होतो ना. दोन्ही नकार खरंच हवे असतील तेव्हाच लावा, जसं "असं काही नाही की मला तुमचा स्वयंपाक आवडत नाही" याला "इट्स नॉट दॅट आय डोन्ट लाइक युअर कुकिंग", आणि हे वाक्य फार कामाचं आहे, पाठच करून ठेवा.

अजून एक बारीक गोष्ट. "आय डोन्ट थिंक ही इज हॅपी" आणि "आय थिंक ही इज अनहॅपी" एक नाहीत. पहिल्यात माणूस खुश नाही एवढंच, ठीकठाक असेल. दुसऱ्यात तो दुःखी आहे.

वाक्याच्या शेवटी जो छोटा प्रश्न लावतात तो पण बघून घ्या. "आय डोन्ट थिंक ही इज कमिंग, इज ही?" इथे शेवटी 'डू आय' येत नाही आणि 'इजन्ट ही' पण येत नाही. छोटा प्रश्न आतल्या माणसाबद्दल विचारायचा, म्हणून 'ही', आणि वर नकार आहे म्हणून प्रश्न होकारार्थी. नकार लांब जाऊन बसला तरी तो मुळात आतल्या वाक्याचाच आहे, याचा याच्याइतका स्पष्ट पुरावा दुसरा नाही.

चौथी पायरी: एका दमात द्यायची उत्तरं

बस येईल का विचारलं तर पूर्ण वाक्य कोण म्हणतंय? "आय थिंक सो", "आय डोन्ट थिंक सो." हे सगळ्यांना येतं. पण त्याच सवयीने "आय डोन्ट होप सो" म्हणतात, आणि ते चुकतं. बरोबर आहे "आय होप नॉट." तसंच "आय ॲम अफ्रेड नॉट", "आय गेस नॉट." सपोज, एक्स्पेक्ट आणि बिलीव्ह दोन्हीकडे चालतात, "आय सपोज नॉट" म्हणा किंवा "आय डोन्ट सपोज सो." "आय थिंक नॉट" जुनं आणि जड वाटतं, बोलताना नकोच.

अफ्रेडवर दोन शब्द. काकांच्या दुकानात एखादं औषध नसेल आणि समोर कुणी बाहेरचा माणूस असेल तर ते सरळ "नो, नॉट देअर" म्हणायचे. आता ते "आय ॲम अफ्रेड वी डोन्ट हॅव इट" म्हणतात. यात भीतीबिती काही नाही, आपण "अहो ते नाहीये हो सध्या" म्हणताना 'अहो' आणि 'हो' ने जे काम करतो ते हे अफ्रेड करतं.

पाचवी पायरी: डाउट, आणि इथे थांबून वाचा

हे मला सगळ्यात जास्त पोटतिडकीने सांगायचंय. इंग्लिशमधलं डाउट हे क्रियापद आतूनच नकारार्थी आहे. "आय डाउट ही विल कम" म्हणजे "मला नाही वाटत तो येईल." नॉट कुठेच दिसत नाही पण नकार आहे.

आपल्याकडे डाउट हा शब्द मराठी झालाय. "सर एक डाउट आहे" म्हणजे प्रश्न आहे, आणि "मला त्याच्यावर डाउट आहे" म्हणजे संशय आहे. मग आपण इंग्लिशमध्ये पण तोच अर्थ घेऊन जातो. मी आधी एका कंपनीत अकाउंट्सला होते, तिथून मी बाहेरच्या देशातल्या एका कस्टमरला मेल लिहिला, "वी डाउट दॅट द इन्व्हॉइस हॅज अ राँग टॅक्स अमाउंट." मला म्हणायचं होतं की बिलात टॅक्सचा आकडा चुकलाय असा आम्हाला संशय आहे, थांबा. त्यांनी वाचलं की आकडा चुकला असेल असं आम्हाला वाटत नाही, म्हणजे सगळं ठीक आहे. त्यांनी थँक्यू म्हणून ते बिल पुढे पाठवून दिलं. दोन आठवड्यांनी हिशोब जुळेना तेव्हा सीनियर मॅडमनी माझा मेल स्क्रीनवर उघडला, त्या एका शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "तू यांना नेमकं उलटं सांगितलंस." मी ती ओळ पाच वेळा वाचली तरी मला ती बरोबरच वाटत होती. तो दिवस मी विसरलेले नाही, आणि म्हणूनच हा भाग मी प्रत्येक बॅचला दोनदा घेते.

ओळखायचं कसं, तर परत मराठीतच बघा. "तो येईल का, शंकाच आहे." इथे 'का' आहे, इथे डाउट. "त्यानेच पैसे घेतले असा संशय आहे." इथे 'असा' आहे, इथे सस्पेक्ट. "आय सस्पेक्ट ही टुक द मनी" म्हणजे घेतले असणार, "आय डाउट ही टुक द मनी" म्हणजे घेतले नसणार. एका शब्दाने माणूस चोर ठरतो किंवा सुटतो, त्यामुळे सहज वापरायचा हा शब्दच नाही. आणि वर्गात प्रश्न विचारायचा असेल तर "आय हॅव अ क्वेश्चन" म्हणा.

डाउट जसं आतून नकारार्थी तसंच डिनाय. "पैसे घेतल्याचं त्याने नाकारलं" म्हणजे "ही डिनाइड दॅट ही हॅड टेकन द मनी." आत परत नॉट घालायचं नाही, आपण मराठीत पण 'न घेतल्याचं नाकारलं' म्हणत नाही. आणि नकार दिला असेल तर रिफ्यूज, पण त्याच्यापुढे दॅट लागत नाही, "ही रिफ्यूज्ड टू कम." 'ही रिफ्यूज्ड दॅट' असं काही नसतं.

बिलीव्हचा एक सापळा राहिला. "आय डोन्ट बिलीव्ह ही पास्ड" म्हणजे तो पास झाला असं मला वाटत नाही. "आय कान्ट बिलीव्ह ही पास्ड" म्हणजे तो पास झालाय आणि माझा विश्वासच बसत नाहीये! एका ठिकाणी निकाल नापास, दुसऱ्या ठिकाणी पेढे.

सहावी पायरी: नये

सजेस्ट, रेकमेंड, इन्सिस्ट, डिमांड, प्रपोज, म्हणजे असं व्हावं, असं होऊ नये सांगणारी क्रियापदं. यांच्यापुढे नकार आला की पोरं गांगरतात, कारण इंग्लिश इथे एकदम विचित्र दिसतं. "दे सजेस्टेड दॅट ही नॉट गो." डझन्ट नाही, डिडन्ट नाही, गोज नाही, नुसतं नॉट गो. मी पण खूप दिवस हे पाठ करून लिहायचे, आणि मग एक दिवस शिकवतानाच लक्षात आलं की अरे हे आपलं 'नये' आहे! "त्याने जाऊ नये असं त्यांनी सुचवलं." 'जाऊ नये' मध्ये तरी काळ कुठे आहे? काल सुचवलं तरी जाऊ नये, उद्या सुचवतील तरी जाऊ नये. त्याने जाऊ नये, तिने जाऊ नये, सगळ्यांना एकच. तसंच हे नॉट गो. "फी वाढवू नये अशी समितीने शिफारस केली", "द कमिटी रेकमेंडेड दॅट द फी नॉट बी रेझ्ड." अमेरिकन लोक हे रूप जास्त वापरतात, ब्रिटिश लोकांचा कल "दॅट ही शुड नॉट गो" कडे असतो, दोन्ही चालतं, जे जिभेवर बसेल ते घ्या.

'नाही' हलवायची कसोटी इथे पण लावून बघा. "जावं असं सुचवलं नाही" म्हणजे त्यांनी विषयच काढला नाही. अर्थ बदलला, म्हणून नकार आतच राहिला.

सांगण्याचं पण असंच. "तळलेलं खाऊ नका असं डॉक्टर म्हणाले", "द डॉक्टर सेड आय शुडन्ट ईट फ्राइड फूड", किंवा "द डॉक्टर टोल्ड मी नॉट टू." "द डॉक्टर डिडन्ट से आय शुड" म्हटलं तर डॉक्टर त्यावर काही बोललेच नाहीत असं होतं, आणि घरातली मंडळी लगेच भजी तळायला घेतील.

आणि काळजी घेणं. "दूध उतू जाणार नाही एवढं बघ", "सी दॅट द मिल्क डझन्ट बॉइल ओव्हर." मराठीत जाणार नाही असं भविष्य आहे म्हणून आपण वोन्ट घालतो, पण सी दॅट आणि मेक शुअरच्या पुढे साधा वर्तमानकाळ येतो. "मेक शुअर यू डोन्ट फर्गेट द की."

माहीत असण्याचं थोडक्यात. "तो येणार नाही हे मला माहीत होतं" आणि "तो येणार हे मला माहीत नव्हतं" यात जमीन-अस्मानाचा फरक, तो इंग्लिशमध्ये तसाच ठेवा. 'असं' च्या जागी 'हे' आलं की नकार हलवायचा नाही, एवढी खूण पुरते. "आय न्यू ही वॉजन्ट कमिंग", "आय डिडन्ट नो ही वॉज कमिंग."

दॅट म्हणायचं की गाळायचं हेही सगळे विचारतात. थिंक, होप, सपोज, नो यांच्यापुढे बोलताना सरळ गाळा. डिनाय, सजेस्ट, रेकमेंड यांच्यापुढे ठेवा, विशेषतः लिहिताना.

सराव

सराव पुस्तकातून करू नका, दिवसभर आपण घरात जे मराठी बोलतो त्यातलीच वाक्यं पकडा. संध्याकाळी पाच वाक्यं आठवायची, 'की' असेल तर काढून 'असं' लावायचं, 'नाही' हलवून बघायचं, मग इंग्लिश करायचं आणि मोठ्याने म्हणायचं, मनातल्या मनात नाही. कालची आमच्या बॅचची वाक्यं ही होती.

"आज पाणी येईल असं दिसत नाही." "इट डझन्ट लुक लाइक द वॉटर विल कम टुडे."

"घरमालक भाडं वाढवणार नाहीत अशी आशा आहे." "आय होप द लँडलॉर्ड डझन्ट इन्क्रीज द रेंट." होपच्या पुढे भविष्याबद्दल बोलताना वर्तमानकाळ चालतो, वोन्ट म्हटलं तरी बरोबर.

"तिला मुलगा पसंत पडला असेल का, शंका आहे." "आय डाउट शी लाइक्ड द बॉय."

"रिझर्व्हेशन कन्फर्म झालं नसेल असं वाटतं." "आय डोन्ट थिंक द रिझर्व्हेशन हॅज बीन कन्फर्म्ड येट."

पाचवं वाक्य काकांनी आणलं होतं, दुकानातलंच. एक बाई प्रिस्क्रिप्शनशिवाय अँटिबायोटिक मागत होत्या, मराठी त्यांना येत नव्हतं. काका म्हणाले, मी त्यांना सांगितलं, "आय ॲम अफ्रेड आय कान्ट गिव्ह इट, अँड आय डोन्ट थिंक यू शुड टेक इट विदाउट आस्किंग अ डॉक्टर." एका दमात, दोन्ही नकार आपापल्या जागी.